‘उलट्या’ दुनळ्या : चोक, चाप आणि त्यांमागचा माणूस

दुनळी बंदुकीला दोन नळ्या कशासाठी, असे विचारले तर कोणीही सांगेल, लागोपाठ दोन बार काढता यावेत म्हणून. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. त्या दोन नळ्या बाहेरून जुळ्या दिसल्या तरी आतून बहुधा सारख्या नसतात. एक तोंडाशी किंचित आवळलेली असते, दुसरी मोकळी किंवा कमी आवळलेली. कोणत्या चापाने कोणती नळी उडायची, हेही ठरलेले असते. हा क्रम इतका रुळलेला आहे की त्याविरुद्ध असलेली एखादी जुनी बंदूक समोर आली, की दुकानदार म्हणतो, ‘उलटी आहे’ आणि मालक म्हणतो, ‘मग सरळ करून द्या.’

या लेखात मला अशा ‘उलट्या’ बंदुकांविषयी लिहायचे आहे. शिकारीशी माझा संबंध नाही. मी आजवर एकही पक्षी मारलेला नाही. माझा व्यवसाय मापनाचा. नोकरीची बहुतेक वर्षे मी यंत्रांच्या सुट्या भागांचे आतले व्यास मोजण्यात घालवली. निवृत्तीनंतर परवानाधारक विक्रेत्यांच्या दुकानांत, त्यांच्या समक्ष, जुन्या इंग्लिश दुनळ्यांच्या नळ्या मोजू लागलो आणि त्या नोंदींची एक वही तयार झाली. त्या वहीवरून आणि या विषयाच्या इतिहासावरून माझे एक मत बनले आहे. चोक आणि चाप यांची मांडणी म्हणजे ज्याच्यासाठी ती बंदूक घडली त्या माणसाबद्दलचा पुरावा असतो. तो कोणत्या हाताने नेम धरी, पक्षी त्याच्याकडे येत असे की त्याच्यापासून दूर जात असे, रानात त्याला कशाकशाची अपेक्षा असे, हे सगळे त्या पोलादात नोंदलेले असते. बंदूक ‘सरळ’ केली की ती नोंद कायमची पुसली जाते.

चोक म्हणजे काय?

आपल्याकडच्या एका पिढीला ‘चोक’ हा शब्द जुन्या स्कूटरमुळे माहीत आहे. थंडीत चोक ओढायचा आणि किक मारायची. तिथे हवेची वाट आवळली जाते, बंदुकीत छऱ्यांची. मूळ कल्पना एकच, गळा आवळण्याची.

बंदुकीची नळी तिच्या ‘बोअर’वरून ओळखतात. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक गोळी जिच्यात बरोबर बसेल अशी नळी. तिचा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरची नळी याहून बारीक असते, कारण पौंडाचे वीस भाग केले की गोळी लहान होते. नळीच्या शेवटच्या काही इंचांत हा व्यास थोडा कमी केला, की त्याला चोक म्हणतात. ‘थोडा’ किती? बारा बोअरमध्ये पूर्ण चोक म्हणजे इंचाचे सुमारे चाळीस हजारांश. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर जेमतेम एक. अर्धा चोक त्याच्या निम्मा, पाव चोक त्याहून निम्मा. डोळ्यांना हा फरक कळत नाही. छऱ्यांना मात्र कळतो.

तो मोजण्याची जुनी पद्धत सोपी आहे. चाळीस यार्डांवर कागद लावायचा, बार काढायचा आणि जिथे छर्रे दाट पडले असतील तिथे तीस इंच व्यासाचे वर्तुळ काढून आतली भोके मोजायची. पूर्ण चोकच्या नळीतून सुमारे सत्तर टक्के छर्रे त्या वर्तुळात पडतात, अर्ध्या चोकमधून साठ, अगदी सरळ नळीतून चाळीस. इंग्लिश मोजणीच्या सहा नंबरच्या एका औंसात २७० छर्रे असतात. म्हणजे पूर्ण चोकमध्ये १८९ छर्रे वर्तुळात, सरळ नळीत १०८. एका मिलिमीटरच्या फरकाने ८१ छर्रे आत किंवा बाहेर जातात.

मग सगळ्याच नळ्या आवळून का ठेवत नाहीत? कारण वीस यार्डांवर तीच आवळलेली नळी छऱ्यांची मूठभर गोळी करून टाकते. नेम जरा चुकला तर सगळेच चुकते आणि बरोबर लागला तर पक्षी खाण्याजोगा राहत नाही. जवळच्या बारासाठी पसरट फैलाव हवा, दूरच्यासाठी दाट. एकाच नळीत दोन्ही मिळत नाहीत. दुनळीचा खरा फायदा इथे आहे: खिशात दोन वेगवेगळी अंतरे घेऊन हिंडता येते.

हा शोध कोणाचा, यावर एकोणिसाव्या शतकात भरपूर भांडणे झाली. न्यूकॅसलच्या डब्ल्यू. आर. पेप यांच्या १८६६ सालच्या पेटंटात नळीचे तोंड आवळण्याचा उल्लेख आहे. अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपर यांनी १८६८ मध्ये तोंडाशी बसवायच्या काढघालीच्या चोकचे पेटंट घेतले. इलिनॉयमधले बदकांचे शिकारी फ्रेड किंबल यांचाही दावा त्याच सुमाराचा. पण ही गोष्ट बाजारात आणली आणि लोकांच्या गळी उतरवली ती बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी, १८७४ मध्ये. पुढच्याच वर्षी लंडनच्या ‘द फील्ड’ या साप्ताहिकाने जाहीर चाचण्या घेतल्या. त्यांत चोक केलेल्या नळ्यांनी सरळ नळ्यांना मागे टाकले आणि वाद मिटला.

उजवी आधी, डावी नंतर

नेहमीचा क्रम कसा ठरला ते आता पाहू. शेजारी-शेजारी नळ्या असलेल्या दुनळीला दोन चाप असतात, एकामागे एक. पुढच्या चापाने उजवी नळी उडते, मागच्याने डावी. उजवी मोकळी, डावी आवळलेली.

यामागे एक चित्र गृहीत धरलेले आहे. माणूस कुत्र्याला घेऊन शेतातून चालला आहे. समोरच्या गवतातून तित्तिर भरारतो आणि त्याच्यापासून दूर जाऊ लागतो. पहिला बार पक्षी जवळ असताना, म्हणून मोकळी नळी. तो चुकला तर पक्षी तोवर आणखी दूर गेलेला, म्हणून दुसरा बार आवळलेल्या नळीतून. बोट पुढच्या चापावरून मागच्यावर सरकते. चालता माणूस, दूर जाणारा पक्षी, उजवा हात या तीन गोष्टी धरून चालल्या की क्रम आपोआप ठरतो. तीनपैकी एक जरी बदलली तरी मांडणी बदलावी लागते. जिला लोक उलटी म्हणतात, ती बहुतेक वेळा या बदललेल्या चित्राला सरळच असते.

पहिला बदल: पक्षी येतो आहे

व्हिक्टोरिया राणीच्या काळाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या श्रीमंतांची शिकारीची रीत बदलली. त्यांनी चालणे सोडले. ते एका जागी ओळीने उभे राहत आणि हाका घालणारे लोक फेझंट आणि ग्राऊस हुसकून त्यांच्या डोक्यावरून आणत. आपल्याकडे वाघासाठी हाका घालत, तसाच हा पक्ष्यांसाठी. आता पक्षी दूर जात नाही, जवळ येतो. पहिला बार लांबचा, दुसरा डोक्यावरचा. म्हणजे आवळलेली नळी आधी हवी.

दोन चापांच्या बंदुकीत याला सोपा उपाय होता. बोट आधी मागच्या चापावर न्यायचे आणि मग पुढच्यावर आणायचे. पुष्कळांनी तेच केले. काहींनी मात्र बंदूकच तशी बनवून घेतली. उजवी नळी आवळलेली, डावी मोकळी, चाप नेहमीचेच. काहींनी दोन्ही नळ्या मोकळ्या ठेवल्या, कारण त्यांच्या उभे राहण्याच्या जागी सगळेच पक्षी जवळून जात.

या रिवाजातला सर्वांत नावाजलेला नेमबाज म्हणजे दुसरा मार्क्विस ऑफ रिपन. त्याचे वडील १८८० ते १८८४ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. स्थानिक स्वराज्याचा १८८२ सालचा ठराव त्यांचाच आणि मुंबईच्या रिपन क्लबला नावही त्यांचेच. मुलाची कीर्ती वेगळ्या कारणासाठी. तो पर्डी कंपनीच्या तीन सारख्या बंदुका घेऊन उभा राही. मागे दोन माणसे भरून देत आणि तो बार काढत जाई. बिनघोड्याच्या बंदुका सर्वत्र आल्यानंतरही त्याने बाहेर घोडे असलेल्या बंदुका सोडल्या नाहीत. अशा जोड्या किंवा त्रिकुटे बनवताना प्रत्येक बंदुकीवर १, २, ३ असे आकडे सोन्यात जडवत. आज त्यातली एखादीच वेगळी होऊन विकायला आली, तर ती एकटी वाचता येत नाही. वाक्यातला एकच शब्द हाती लागावा तसे होते.

दुसरा बदल: अंतर ठरलेले आहे

मॉन्टे कार्लोला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पैजा लावून जिवंत कबुतरांवर नेमबाजी चाले. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीही ती झाली. पेटीतून कबूतर सोडले जाई, नेमबाज ठरावीक अंतरावर मागे उभा आणि कबूतर कुंपणाबाहेर पडण्याआधी खाली यायला हवे. इथे जवळचा बार असा नसतोच. म्हणून या कबूतर-बंदुकांच्या दोन्ही नळ्या आवळलेल्या असत आणि पुष्कळांना सेफ्टीही नसे. पैज लागलेली असताना सेफ्टी सरकवायची राहिली, तर पैसे बुडायचे. ब्रिटनने १९२१ मध्ये कायदा करून कोंडलेल्या पक्ष्यांवरची ही नेमबाजी बंद केली. खेळ गेला, बंदुका राहिल्या. पुढच्या मालकाने तित्तिरांवर बार काढून पाहिला की त्याला वाटे, ही बंदूक बिघडलेली आहे.

तिसरा बदल: हात डावा आहे

डावखुऱ्यासाठी बनवलेली बंदूक ही आरशातली बंदूक असते. उजव्या हाताच्या माणसाचा दस्ता किंचित उजवीकडे वळलेला असतो, म्हणजे गाल टेकवल्यावर डोळा नळ्यांच्या मध्यरेषेवर येतो. डावखुऱ्याचा दस्ता डावीकडे वळतो. पुढचा चाप डावी नळी उडवतो आणि मागचा उजवी. साहजिकच डावी नळी मोकळी आणि उजवी आवळलेली. चापांच्या कडाही दुसऱ्या बाजूने गोल केलेल्या असतात, कारण बोट तिकडून येते.

माझ्या वहीत अशी एक बंदूक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, बर्मिंगहॅमची, एका तालुक्याच्या गावातल्या जुन्या घराण्याची. घरात तिला ‘उलटी’च म्हणत. विलायतेतल्या व्यापाऱ्याने आजोबांच्या गळ्यात खराब माल मारला, अशी आख्यायिकाही होती. परवाना नव्या पिढीच्या नावावर करताना ती ‘सरळ करून घ्यावी’ असा विचार चालला होता. मी मोजली तेव्हा उजवी नळी पूर्ण चोकची निघाली, डावी जवळजवळ सरळ. दस्ता डावीकडे वळलेला. पुढच्या चापाने डावी नळी. चारही गोष्टी एकाच दिशेने बोलत होत्या. खराब माल एका बाबतीत खराब असतो. चार बाबतींत एकसारखा उलटा नसतो.

मी त्यांना विचारले, आजोबा डावखुरे होते का? मुलगा, नातू ठामपणे नाही म्हणाले. लिहिणे उजव्या हाताने, जेवणे उजव्या हाताने. तेवढ्यात आतून थोरल्या आत्याबाई बाहेर आल्या. ऐंशी उलटलेल्या. त्या म्हणाल्या, ‘लिहायचे उजव्यानेच. पंतोजींनी हात बांधून शिकवलं होतं म्हणे. पण दाढी डाव्या हातानं करायचे. मी आरसा धरायचे ना.’

ही बंदूक आजोबांनी मागवून घेतली की कुणा डावखुऱ्या साहेबाची हाताला बसली म्हणून विकत घेतली, हे बंदूक सांगत नाही. पण शाळेने आणि घराने जो हात दडपला, तो नेम धरताना मोकळा होता, एवढे ती नक्की सांगते. घरच्यांनी ती आहे तशीच ठेवली.

तोंडातल्या खाचा

चोकचा सर्वांत चमत्कारिक प्रकार हिंदुस्थानच्या जंगलांशी जोडलेला आहे. कर्नल जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी बंगालच्या लष्करातले. १८६३ च्या अंबेला मोहिमेत त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. १८८५ मध्ये त्यांनी एका नळीचे पेटंट घेतले आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती ‘पॅराडॉक्स’ या नावाने बाजारात आणली. पॅराडॉक्स म्हणजे विरोधाभास, आणि नाव चपखल होते.

छऱ्यांची बंदूक आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत मात्र पेचदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. फॉस्बेरींनी सगळी नळी गुळगुळीत ठेवली आणि फक्त तोंडाशी, जिथे एरवी चोक असतो त्या शेवटच्या दोन-तीन इंचांत, खाचा घातल्या. जड गोळी त्या थोड्या खाचांतूनही पुरेसे फिरून निघे आणि शंभर यार्डांपर्यंत भरवशाने लागे. त्याच नळीतून छर्रेही कामापुरते दाट जात. हिंदुस्थानात सकाळी तित्तिरांसाठी निघालेल्या माणसापुढे अस्वल किंवा बिबळ्या उभा राहू शकत होता, आणि दर वेळी दोन बंदुका घेऊन हिंडणे जमत नसे. पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनीही अशा बंदुका काढल्या. वेस्टली रिचर्ड्सची ‘एक्स्प्लोरा’ त्यांतलीच.

आता दुसरे टोक पाहा. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये वुडकॉक या पक्ष्यासाठी बनवलेल्या काही दुनळ्यांच्या उजव्या नळीत खाचा असतात. त्यांचा हेतू मात्र अगदी विरुद्ध असतो. वुडकॉक दाट झाडीतून अगदी पायाशी उठतो, दिसतो न दिसतो तोच नाहीसा होतो. तिथे सरळ नळीचा फैलावही अपुरा पडतो. खाचांमुळे छऱ्यांच्या झुपक्याला फिरकी बसते आणि तो नळीबाहेर पडताच पसरतो. म्हणजे एकाच युक्तीने फॉस्बेरींनी गोळी सरळ ठेवली आणि फ्रेंच कारागिरांनी छर्रे उधळले. खाचा दिसल्या म्हणजे रायफल, असे समजणाऱ्याचा दोन्हीकडे गोंधळ होतो.

चाप आणि अनावर बोट

मराठीत बंदुकीच्या या कळीला चाप म्हणतात. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. बोलताना आपण ‘घोडा दाबला’ असेही म्हणतो. खरे म्हणजे घोडा हा वरून आपटणारा भाग. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्सच्या अँसन आणि डीली यांनी नळ्या मोडतानाच आपोआप ताणले जाणारे घोडे बंदुकीच्या पोटात घातले. तेव्हापासून घोडा दिसेनासा झाला, वाक्प्रचारात मात्र टिकून राहिला.

दोन चापांची एक साधी अडचण असते. मागचा चाप ओढला की धक्क्याने पुढचा चाप बोटाच्या पाठीवर आपटतो. दिवसभरात शेकडो बार काढणाऱ्याचे बोट सोलून निघे. म्हणून चांगल्या बंदुकांत पुढचा चाप बिजागरीवर बसवत. मागून बोट आदळले की तो पुढे झुकतो. जुन्या बंदुकीचा पुढचा चाप पुढच्या बाजूला डुलताना पाहून तो ढिला झाला आहे असे समजतात आणि घट्ट करून घेतात. तो ढिला नसतो. मालकाच्या बोटाची काळजी म्हणून तसा केलेला असतो.

दुसरा उपाय म्हणजे एकच चाप, दोनदा ओढायचा. कल्पना जुनी, पण ती वागवता येत नव्हती. एका चापाच्या बंदुकांत वरचेवर दोन्ही नळ्या एकदम उडत. कारागिरांनी यंत्रणा तपासल्या, कमानी बदलल्या, दोष सापडेना. बॉस अँड कंपनीचे भागीदार झालेले जॉन रॉबर्टसन यांनी तो शोधला आणि १८९४ मध्ये त्यावर पेटंट घेतले. दोष यंत्रात नव्हताच. बार उडाला की बंदूक मागे खांद्यात घुसते, खांदा दबतो आणि तिला परत पुढे ढकलतो. या क्षणभराच्या हालचालीत चाप बोटापासून सुटतो आणि पुन्हा बोटावर येऊन आदळतो. बोट अजून आवळलेलेच असते. म्हणजे नकळत दुसऱ्यांदा चाप ओढला जातो. हे ओढणाऱ्याला कळतही नाही. शपथेवर सांगेल की मी एकदाच ओढला. दोन चापांच्या बंदुकीतही हे नेहमी घडतच होते, पण तिथे दुसरी ओढ आधीच रिकाम्या झालेल्या चापावर पडे, म्हणून कोणाच्या लक्षात आले नव्हते.

रॉबर्टसन यांनी या नकळत ओढीला यंत्रात जागा दिली. त्यांच्या चापाला तीन ओढी लागतात. पहिली उजव्या नळीची, दुसरी त्या अनावर बोटाची, जी यंत्र मुकाट्याने गिळून टाकते, आणि तिसरी डाव्या नळीची. वापरणाऱ्याला दोनच जाणवतात. इतर काहींनी वेगळा मार्ग घेतला. धक्क्याने हलणारे एक वजन आत ठेवले आणि ते हलल्याशिवाय दुसरी नळी जोडली जाऊ दिली नाही. तिथे तोटा असा, की पहिले काडतूस उडालेच नाही तर धक्का नाही, आणि धक्का नाही तर दुसरी नळीही नाही.

एक चाप आला, पण त्याबरोबर एक गोष्ट गेली. दोन चापांत आयत्या वेळी नळी निवडता येत होती. पक्षी लांब दिसला तर बोट मागे. एका चापात क्रम ठरलेला. हा पेच सोडवण्याचा एक विलक्षण प्रयत्न १९३०च्या दशकातल्या ब्राउनिंग ‘सुपरपोज्ड’मध्ये दिसतो. वर-खाली नळ्यांची ही बंदूक जॉन ब्राउनिंग यांची शेवटची मोठी कामगिरी. ते १९२६ मध्ये बेल्जियमच्या लिएजमध्ये वारले. चापाचे पुढचे काम मुलगा व्हॅल यांनी पुरे केले. तिच्या काही प्रतींत दोन चाप आहेत, पण त्यांतला प्रत्येक एकटाच पुरेसा आहे. पुढचा दोनदा ओढला तर आधी खालची आणि मग वरची नळी. मागचा दोनदा ओढला तर आधी वरची, मग खालची. चापाची निवड म्हणजे क्रमाची निवड. नळी निवडण्याची कळ असलेला एकच चाप लवकरच आला आणि ही मांडणी मागे पडली. आज ती पाहणाऱ्याला वाटते, कोणीतरी चुकीचे सुटे भाग बसवले आहेत.

शिक्के काय सांगतात?

बंदूक मुळातच तशी होती की नंतर कोणी तशी केली, हे ओळखता येते का? ब्रिटिश बंदुकांच्या बाबतीत पुष्कळदा येते. तिथे प्रत्येक नळी विक्रीपूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या सरकारमान्य तपासणीगृहात जादा दाबाने उडवून पाहावी लागे आणि खाली शिक्के मारले जात. १८७५ ते १८८७ या काळात चोक केलेल्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ अशी अक्षरे असत, म्हणजे यातून गोळी मारू नका. १८८७ पासून ‘चोक’ हाच शब्द आला. प्रत्येक नळीवर वेगळा शिक्का असल्यामुळे उत्तर थेट मिळते. ज्या डावखुऱ्या बंदुकीची हकिगत वर सांगितली, तिच्या फक्त उजव्या नळीखाली ‘चोक’ आहे. ती जन्मतःच तशी होती, याची ही साक्ष.

उलट, शिक्का चोकचा आणि मापात नळी सरळ, असे आढळले तर नंतर कोणीतरी आतून धातू काढला आहे. याला कारणेही झाली. १९६०च्या दशकात काडतुसांत प्लॅस्टिकच्या वाट्या आल्या. छर्रे वाटीत बसून निघू लागल्याने फैलाव आपोआप दाट झाला आणि जुने पूर्ण चोक नको तितके आवळ वाटू लागले. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे सर्वत्र बंद झाले. कठीण पोलादी छऱ्यांमुळे जुन्या आवळलेल्या नळ्यांना फुगवटा येण्याचा धोका, म्हणून तिथेही पुष्कळांनी चोक मोकळे करून घेतले. काढलेला धातू परत लावता येत नाही. आतून आणखी पोखरून तोंडामागे खळगा करण्याची एक युक्ती आहे, तिने फैलाव काहीसा दाट होतो. पण मूळ मांडणी काही परत येत नाही.

आपल्याकडच्या बंदुका

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती जवळजवळ संपली. ते योग्यच झाले. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम माझ्या वहीत दिसतो. मी मोजलेल्या बहुतेक नळ्यांची मापे त्यांच्या शिक्क्यांशी जुळतात. बंदुका वापरातच नसल्यामुळे कोणाला त्या नव्या काडतुसांसाठी बदलून घ्याव्या लागल्या नाहीत. इतरत्र जे पुसले गेले, ते वाड्यांच्या कपाटांत टिकून राहिले.

आता तेही ओसरते आहे. २०१९ च्या शस्त्र कायद्यातील दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे राहू शकतात. जास्तीची पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. पिढ्या बदलताना परवाना नको म्हणणारे वारसही पुष्कळ. कायदा आपल्या जागी बरोबर आहे आणि बंदूक घरात राहिलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही. लोखंड जाऊ दे, पण नोंद राहू दे, एवढेच म्हणणे आहे.

त्यासाठी फार लागत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडे, बंदूक रिकामी असल्याची खात्री त्याने केल्यावर, सहा गोष्टी लिहून घ्याव्यात: बनवणाऱ्याचे नाव आणि क्रमांक, दोन्ही नळ्यांखालचे सगळे शिक्के, जमल्यास छायाचित्रासह, काडतुसाच्या बाजूकडून नऊ इंचांवर नळीचा व्यास, कारण ब्रिटिश तपासणीगृहे तिथेच मोजत, तोंडाशी व्यास, कोणता चाप कोणती नळी उडवतो, आणि दस्ता कोणत्या बाजूला वळला आहे. दोन व्यासांची वजाबाकी म्हणजे चोक. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस यांसारख्या जुन्या कंपन्यांनी आपल्या नोंदवह्या जपल्या आहेत. क्रमांक कळवला तर बंदूक कधी आणि कशी घडली याची माहिती मिळू शकते.

आणि मापे नेहमीच्या क्रमाविरुद्ध आली तर दुरुस्ती करायला सांगण्याआधी एक प्रश्न विचारावा: ही बंदूक ज्याला सरळ वाटली असेल, तो माणूस कसा असेल? घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्यालाही हा प्रश्न विचारावा, आणि मिळालेले उत्तर त्याच कागदावर, मापांच्या खाली लिहून ठेवावे.